विश्लेषण : टर्बो गाडीच्या मॅनिफोल्डला ‘हीट रॅप’ गुंडाळावा का?

उन्हाळ्यात मलकापूर, नांदुरा पट्ट्यात पारा चाळिशीपार जातो. अशा उन्हात माणसे आणि सामान भरलेली डिझेल गाडी मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्यात येते किंवा समृद्धी महामार्गावर मेहकरजवळून ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेला टेकून धावते, तेव्हा बॉनेटखालची उष्णता प्रचंड वाढते. त्यावर उपाय म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डला उष्णतारोधक पट्टी म्हणजेच ‘हीट रॅप’ गुंडाळण्याचा पर्याय सुचवला जातो. त्याचे फायदे काय आणि धोके कोणते, याविषयी...

मॅनिफोल्ड एवढा का तापतो?

इंजिनच्या सिलिंडरमधून निघालेला जळका वायू एकत्र करून टर्बोकडे नेणारा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. पूर्ण भार असताना डिझेल इंजिनमध्ये या वायूचे तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत, तर टर्बो पेट्रोल इंजिनमध्ये ९०० अंशांच्याही वर जाते. याच वायूच्या जोरावर टर्बोची चाकी मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेते आणि इंजिनात जादा हवा ढकलते. म्हणजे ही उष्णता टर्बोसाठी निव्वळ वाया जाणारी गोष्ट नाही. त्याला लागणारी ऊर्जा तिच्यातूनच मिळते.

हीट रॅपचा फायदा काय?

काचतंतू किंवा बेसॉल्ट खडकाच्या तंतूंपासून विणलेली ही पट्टी उष्णता बाहेर पडू देत नाही. त्यामुळे टर्बोपर्यंत पोहोचणारा वायू थोडा अधिक गरम राहतो आणि टर्बो किंचित लवकर जोर धरतो. बॉनेटखालील वायरिंग, रबरी होज, प्लॅस्टिकचे भाग आणि बॅटरी यांना बसणारी झळ कमी होते. इंजिनात जाणारी हवाही कमी तापते. हवा साधारण तीन अंशांनी थंड झाली की तिची घनता सुमारे एक टक्क्याने वाढते, त्यामुळे हा लाभ खरा आहे. मात्र रोजच्या वापरातील गाडीत मॅनिफोल्डची लांबी फार कमी असते. लांब पाइप असलेल्या शर्यतीच्या गाड्यांना जो फरक जाणवतो, तो इथे फारसा जाणवत नाही.

मग तोटा कुठे होतो?

पट्टी उष्णता नाहीशी करत नाही, ती धातूत अडकवून ठेवते. उघडा मॅनिफोल्ड आजूबाजूच्या हवेत उष्णता सोडून थोडा थंड होतो. गुंडाळलेल्या मॅनिफोल्डचे तापमान वायूच्या तापमानाच्या जवळ जाते. ओतीव लोखंडाला वा स्टीलला सोसवेल त्यापेक्षा जास्त ताप मिळाला, की धातूचे पापुद्रे निघतात, भाग वाकतो आणि तापण्या-निवण्याच्या चक्रात तडे जातात. हे तडे पट्टीखाली झाकलेले असल्याने दिसतही नाहीत.

दुसरा शत्रू पाणी. पावसाळ्यात उडणारे किंवा वॉशिंग सेंटरवर इंजिनवर मारलेले पाणी पट्टी शोषून घेते. गाडी उभी राहिली, की तो ओलावा धातूला चिकटून राहतो आणि गंज लागतो.

टर्बोचा टर्बाइनकडील भागही गुंडाळला, तर गाडी बंद केल्यावर उष्णता आतच कोंडते. तिथल्या बेअरिंगमधील ऑइल जळून काजळी धरू शकते. टर्बो बदलण्याचा खर्च पाच आकड्यांत जाऊ शकतो.

आगीचा धोका किती?

सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट गळू लागले किंवा डिझेलची नळी पाझरू लागली, तर ते तेल पट्टीत दिव्याच्या वातीसारखे शोषले जाते. डिझेलला ठिणगीविना पेट घ्यायला सुमारे २१० ते २५० अंश तापमान पुरते, आणि मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पट गरम असतो. जुन्या, तेल गळणाऱ्या इंजिनवर ही पट्टी लावू नये, याचे कारण हेच.

हा प्रश्न कोणत्या गाड्यांना लागू होत नाही?

फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनसारख्या काही नव्या टर्बो पेट्रोल इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि कूलंट त्याला थंड ठेवतो. तिथे गुंडाळायला मॅनिफोल्डच वेगळा नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धूर शुद्ध करणारी यंत्रणा टर्बोच्या जवळ असते आणि उष्णतेचे गणित कंपनीने आधीच केलेले असते. त्यात बदल केल्यास वॉरंटीचा दावा अडचणीत येऊ शकतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण १.३ लिटर डिझेल स्विफ्ट आणि डिझायर आजही रस्त्यावर आहेत. जुनी स्कॉर्पिओ आणि इनोव्हाही आहेत. प्रश्न मुख्यतः अशा वेगळा मॅनिफोल्ड असलेल्या गाड्यांचा आहे.

मग करावे काय?

आधी कंपनीचे पत्र्याचे हीट शील्ड जागेवर आहे का, ते पाहावे. दुरुस्तीच्या वेळी काढलेले शील्ड बोल्ट गंजला म्हणून परत बसवलेच नाही, असे होऊ शकते. शील्ड आणि मॅनिफोल्ड यांच्यात हवेची फट असते, त्यामुळे झळ अडते आणि धातूलाही श्वास मिळतो. रेडिएटर, कूलंट आणि पंखा तपासून घ्यावा. इंजिनचे तापमान वाढत असेल, तर मूळ दोष बहुधा तिथेच सापडतो. पट्टीने तो दोष जात नाही.

तरीही पट्टी हवीच असेल, तर ती टर्बोनंतरच्या डाउनपाइपला लावणे तुलनेने सुरक्षित. तिथे वायूची ऊर्जा टर्बोने घेतलेली असते आणि मॅनिफोल्डवर जादा ताण येत नाही. पट्टीची तापमानक्षमता पाहून घ्यावी, ती स्टीलच्या क्लिपनेच बांधावी आणि काचतंतूंची धूळ अंगावर व श्वासात जाऊ नये म्हणून हातमोजे आणि मास्क वापरावा. पहिल्यांदा तापल्यावर थोडा धूर निघतो, तो नेहमीचा आहे. नंतरही धूर किंवा तेलाचा वास येत राहिला, तर गाडी थांबवून तपासणी करावी.

घाट चढून आल्यावर लगेच चावी न फिरवता इंजिन एक-दोन मिनिटे आयडलवर ठेवावे. त्याला पैसा लागत नाही आणि टर्बोचे ऑइल जळण्यापासून वाचते.