एका सत्राचे परदेशगमन, वर्षभराची तयारी

बडोद्याच्या मराठी कुटुंबांना परदेशी शिक्षण अपरिचित नाही. १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार. परदेशी शिकणे म्हणजे वर्षानुवर्षे घर सोडणे, अशीच आपली समजूत पुढेही राहिली. आता मात्र आपल्या व्यवसायबंधूंची मुले एक निराळीच इच्छा बोलून दाखवितात : पदवी येथलीच घ्यायची, पण मधले एक सत्र परदेशी विद्यापीठात काढायचे.

युरोपात ही प्रथा १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेमुळे रुजली. आपल्या विद्यापीठाचा तेथील विद्यापीठाशी विनिमय करार असेल, तर विद्यार्थी शुल्क येथेच भरतो. तेथे सहसा शिकवणी शुल्क पडत नाही. प्रवास, निवास व भोजन यांचा खर्च मात्र आपला. करार नसल्यास स्वतंत्रपणे अर्ज करावा लागतो आणि अनेक देशांत पूर्ण शुल्क भरावे लागते. तेव्हा पहिली चौकशी परदेशी विद्यापीठाकडे न करता आपल्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात करावी.

दोन वर्षांच्या पदवीसाठी गेलेल्याचे पहिले तीन महिने चाचपडण्यात गेले, तरी पुढे भरपाई होते. एका सत्रात प्रत्यक्ष अध्यापनाचे महिने जेमतेम चार. तेथे सावरायला वेळच नसतो. म्हणून जे निस्तरायचे ते घर सोडण्यापूर्वीच निस्तरले पाहिजे, हे या साऱ्या तयारीचे मुख्य सूत्र आहे.

जर्मनीचे उदाहरण घेऊ. तेथील विद्यापीठांत हिवाळी सत्राची व्याख्याने साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात. आपली सत्रे साधारण जून-जुलै ते नोव्हेंबर व डिसेंबर ते एप्रिल अशी. म्हणजे तेथले एक सत्र आपल्या दोन सत्रांवर पाय ठेवून उभे असते! युरोपीय श्रेयांक पद्धतीत एका सत्राचे ३० श्रेयांक धरतात. त्यांतील कोणते विषय येथे ग्राह्य धरले जातील, हुकलेली परीक्षा केव्हा देता येईल, हे विभागप्रमुखांकडून निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबणाऱ्याचे वर्ष वाया जाऊ शकते. आधी येथल्या विद्यापीठाची शिफारस, मग तेथला प्रवेश, मग व्हिसा, असा क्रम असल्याने ऑक्टोबरात निघायचे तर आदल्या दिवाळीतच कामाला लागावे. व्हिसासाठी निर्वाहाच्या रकमेचा पुरावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरात जर्मनीने ही रक्कम दरमहा ९९२ युरो ठरविली.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. सातव्या वर्षी मधुमेहाचे निदान झालेली माझी एक रुग्ण रसायनशास्त्राच्या पदवीला होती. अठरा वर्षांनंतर तिची फाइल मी मधुमेहतज्ज्ञांकडे सोपविली होती. तरी जर्मनीतील सत्राचा विचार मनात येताच ती आईसह माझ्याकडे आली. आईचा प्रश्न एकच होता, "डॉक्टर, तिकडे हिची साखर उतरली तर मला कोण कळवणार?"

प्रामाणिक उत्तर असे, की विद्यार्थिनी सज्ञान असल्याने तिच्या संमतीवाचून तेथील डॉक्टर आईवडिलांनाही माहिती देत नाहीत. म्हणून कोणाला कळवायचे याचे लेखी संमतिपत्र आधीच करून ठेवायचे आणि वसतिगृहातील शेजाऱ्याला ग्लुकागॉन कसे टोचायचे ते पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. विम्याचा प्रश्न तितकाच कळीचा होता. प्रवासी विमा बहुधा जुन्या आजाराचा खर्च देत नाही. जर्मनीतील विद्यार्थ्यांच्या वैधानिक आरोग्य विम्यात मात्र जुना आजारही येतो. सर्वांत मोठा धोका इन्सुलिनच्या मापाचा. आपल्याकडील पुष्कळशा कुप्या मिलिलिटरला ४० युनिटांच्या, परदेशात बहुतेक १०० युनिटांच्या. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये नेहमीच्या रेषेपर्यंत भरले, तर मात्रा अडीचपट होते! तिला काही महिने आधीच १०० युनिटांच्या पेनवर आणण्यात आले. इन्सुलिन सामानकक्षात गोठू शकते म्हणून ते हातातील पिशवीत ठेवायचे, सोबत डॉक्टरांचे पत्र. हे सारे तिने वहीत लिहून घेतले आणि अर्जही स्वतःच भरला. ती गेली, सत्र पूर्ण करून परत आली. आईने तो काळ कसा काढला, ते तीच जाणे.

लसीकरणाचे कार्ड हरविणे ही नित्याची कथा. अनेक अमेरिकन विद्यापीठे एमएमआरच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. या मात्रांत किमान २८ दिवसांचे अंतर लागते. वसतिगृहासाठी मेनिंगोकॉकल लसही पुष्कळदा मागतात. क्षयाची चाचणी सांगितल्यास लक्षात ठेवावे, की बीसीजीमुळे मॅन्टू चाचणी होकारार्थी येऊ शकते. इग्रा या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. एमएमआर दिल्यावर मॅन्टू करायची तर त्याच दिवशी, नाहीतर किमान चार आठवडे थांबून. औषधांच्या चिठ्ठीवर व्यापारी नाव नको, मूळ नाव हवे. तेही देशागणिक बदलते. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होते, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते.

शेवटी पालकांसाठी दोन शब्द. आपण डॉक्टर मंडळी मुलांचे अर्ज भरण्यात, पत्रे लिहिण्यात फार तत्पर असतो. पण ज्या मुलाने विभागात स्वतः खेटे घातले नाहीत, विम्याच्या अटी स्वतः वाचल्या नाहीत, तो परक्या गावी कचेरीसमोर उभा राहिल्यावर कोणाला हाक मारील? अर्जाचे वर्ष हीच त्याची रंगीत तालीम आहे. आपण तारखांची आठवण द्यावी, पैशाचा हिशेब मोकळेपणाने सांगावा आणि बाजूला व्हावे. बालरोगतज्ज्ञाच्या कामाचा शेवट तरी दुसरा काय असतो? एके दिवशी फाइल त्या मुलाच्याच हाती द्यायची असते.