लपवलेली ‘केटी’

‘केटी लागली’ हे वाक्य महाविद्यालयांत इतके सर्रास ऐकू येते, की त्याचा मूळ अर्थ सहसा कुणी विचारत नाही. ‘एटीकेटी’ म्हणजे पुढचे सत्र चालू ठेवण्याची मुभा. एक-दोन विषय राहिले म्हणून विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ नये, यासाठी केलेली ही सोय. नापास होणे हा शेवट नव्हे, हे विद्यापीठाच्या नियमानेच मान्य केले आहे. अनेक घरांत मात्र ते अजून मान्य झालेले नाही.

मग लपवालपवी सुरू होते. कर्ज काढून शिकायला पाठवलेला मुलगा फोनवर ‘पेपर चांगले गेले’ एवढेच सांगतो. पुढच्या सत्रात नव्या विषयांबरोबर जुना पेपरही द्यायचा असतो. दिवस पुरेनासा झाला, की तो झोपेतून वेळ काढतो.

इथेच गणित चुकते. रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की अवघड गोष्ट शिकताना बेताचा ताण उपयोगी पडतो. तो फार वाढला, तर शिकणे मंदावते. शिवाय वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. त्यामुळे जागरणाने अभ्यासाचे तास वाढतात, पण लक्षात कमी राहते. त्यातून पुन्हा नापास होण्याची भीती आणि पुन्हा जागरण. हे आठवडेच्या आठवडे चालले, की चिडचिड होते, जेवण तुटते, मित्र टाळले जातात, तास बुडतात. घरचे त्याला आळस म्हणतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. आत्महत्येमागे क्वचितच एकच कारण असते, म्हणून सारा दोष परीक्षेवर टाकता येणार नाही. पण ज्या अडचणीतून वाट निघू शकते, ती बोलता न आल्याने असह्य होते, हे नाकारता येत नाही.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. या सोयी हव्यातच. तरी अडचण उघड बोलण्याची पहिली सवय घरातच लागते.

दिवाळीला मुले घरी येतील. ‘किती मार्क पडले?’ याआधी ‘झोप नीट होते ना?’ असे विचारून पाहावे. केटी पुढच्या परीक्षेत सुटते. ती घरी सांगता आली पाहिजे.