वीज आतून की पृष्ठभागावरून?

आमच्या मुकुंदवाडीला लागूनच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, त्यामुळे प्लेटिंग म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. क्रोमचा मुलामा दिलेली प्लास्टिकची मूठ घ्या. प्लास्टिकमधून वीज जात नाही, मुलाम्यावरून जाते. मुलामा कानशीने घासून काढला की वहन संपले.

टोपॉलॉजिकल इन्सुलेटर या स्फटिकांचे वेगळेपण इथेच आहे. ते आतून वीज अडवतात आणि पृष्ठभागावरून वाहू देतात; पण घासल्यावर उघडा पडलेला नवा पृष्ठभागही वीज वाहतो. हा गुण वरून चढवलेला नसतो, आतल्या इलेक्ट्रॉनांच्या रचनेतूनच येतो.

पण हे ओळखायचे कसे? मीटर एकूण रोध दाखवतो, वीज कोणत्या वाटेने गेली ते सांगत नाही. बिस्मथ सेलेनाइडमध्ये सेलेनियमच्या काही अणूंच्या जागा रिकाम्या राहतात, आत मोकळे इलेक्ट्रॉन येतात आणि पृष्ठभागाचा प्रवाह त्यात झाकला जातो.

समेरियम हेक्साबोराइडचे कोडे याहून जुने. थंड करत गेले की त्याचा रोध हजारो पटींनी वाढतो. मात्र सुमारे ४ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या खाली ही वाढ थांबते. ही शिल्लक वीज अशुद्धींमुळे वाहते, असा एक तर्क होता. २०१० साली झेरो, सन, गॅलित्स्की व कोलमन यांनी अशा पदार्थांत टोपॉलॉजिकल पृष्ठभाग असू शकतो, असे सैद्धांतिक भाकीत केले.

२०१३ साली कॅलिफोर्नियातील आयर्व्हाइनच्या किम, फिस्क, शिया प्रभृतींनी स्फटिक पाचरीसारखा घासला: एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. त्यातून प्रवाह सोडून, चुंबकीय क्षेत्रात निर्माण होणारा आडवा दाब, म्हणजे हॉल व्होल्टेज, वेगवेगळ्या जाडीवर मोजला. वीज आतून वाहत असेल, तर जाडी निम्मी झाल्यावर हा दाब दुप्पट व्हायला हवा. पृष्ठभागावरून वाहत असेल, तर जाडीने फरक पडू नये. तापमान जास्त असताना जाडीचा फरक दिसला, अतिशीत अवस्थेत तो नाहीसा झाला. वीज पृष्ठभागावरूनच वाहत होती.

घरी वाचून शिकणाऱ्या माझ्यासारख्याला यातला युक्तिवाद फार मोलाचा वाटतो: एकच गोष्ट बदला आणि उत्तर बदलते का पाहा. मात्र यातून सिद्ध झाले ते पृष्ठभागावरचे वहन. ते टोपॉलॉजिकलच आहे, हे ठरवायला इलेक्ट्रॉनांच्या फिरकीसारखे वेगळे पुरावे लागतात. पहिला निष्कर्ष हाती आला म्हणून दुसरा गृहीत धरता येत नाही.