धावतं शरीर (लेखांक ७) : शंभर आणि सोळाशे

महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचं तर मुलाला दोन शर्यती धावाव्या लागतात. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० सोळाशे मीटरला, १५ शंभर मीटरला आणि उरलेले १५ गोळाफेकीला. सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत आणि शंभर साडेअकरा सेकंदांत मारलं, तर धावण्याचे पैकीच्या पैकी. लखनौजवळच्या अमौसीतला मुलगा उत्तर प्रदेश पोलिसांच्या भरतीला उतरतो तेव्हा त्याच्यापुढे हा पेच नसतो. त्याला ४.८ किलोमीटर २५ मिनिटांत पुरे करायचे असतात, म्हणजे दर शंभर मीटरला एकतीस सेकंद. दम टिकला की काम झालं.

आपल्या मुलाला मात्र दम हवा आणि झटकाही हवा. एकाच शरीरात दोन्ही किती बसतं?

शंभर मीटर संपेपर्यंत श्वासाचा फारसा संबंधच येत नाही. स्नायूंत आधीपासून साठलेलं क्रिएटिन फॉस्फेट पहिल्या काही सेकंदांत जळतं, पुढचं काम प्राणवायूशिवाय फुटणारी साखर करते. चारशे मीटरला ऊर्जेचा सुमारे चाळीस टक्के वाटा प्राणवायूवर येतो, आठशेला दोनतृतीयांश आणि पंधराशेला ऐंशी टक्क्यांच्याही वर. म्हणजे शंभर आणि सोळाशे या शर्यतींत फरक नुसता सोळापट लांबीचा नाही, शरीराच्या लेखी त्या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत. जलद आकसणारे स्नायुतंतू एकीला लागतात, न थकणारे संथ तंतू दुसरीला. त्यांचं प्रमाण बरंचसं जन्मानेच ठरलेलं असतं. सरावाने ते थोडं हलतं, उलटंपालटं होत नाही.

उलट तीन हजार मीटर आणि बेचाळीस किलोमीटर ही अंतरं ऐकायला कुठल्या कुठे, पण शरीराला ती सख्खी भावंडं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर पाहा. २०१५च्या जानेवारीत तिने मुंबई मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत धावून भारतीय महिलांत पहिला क्रमांक घेतला. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून ती आठवी आली. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तिची प्रतिस्पर्धी सुधा सिंग लखनौशेजारच्या रायबरेलीची. २०१०मध्ये ग्वांगझूच्या आशियाई खेळांत स्टीपलचेसचं सुवर्ण आणि २०१९च्या मुंबई मॅरेथॉनला २ तास ३४ मिनिटं ५६ सेकंद. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळेही त्याच वाटेचा. हांगझूच्या आशियाई खेळांत स्टीपलचेसचं सुवर्ण, पाच हजारचं रौप्य आणि २०२०मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत. या तिघांचं कर्तृत्व मला थक्क करतं. पण अंतरं कितीही बदलली, तरी तिघांनी प्राणवायूची बाजू सोडलेली नाही.

दोन्ही बाजू जिथे भेटतात ती जागा म्हणजे चारशे-आठशे. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या अल्बेर्तो हुआंतोरेनाने चारशे ४४.२६ सेकंदांत आणि आठशे १ मिनिट ४३.५० सेकंदांत जिंकलं. पुरुषांत अशी जोडी ऑलिंपिकमध्ये नंतर कुणी साधली नाही. त्या आठशेच्या अंतिम फेरीत पहिला राउंड आपला श्रीराम सिंग पुढे राहून धावला होता. तो सातवा आला, पण त्याची १ मिनिट ४५.७७ सेकंदांची वेळ २०१८पर्यंत राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली.

शंभर आणि पंधराशे ही दोन्ही टोकं एका माणसाकडून मागणारा प्रकार एकच, दोन दिवसांत दहा स्पर्धांचं डेकॅथलॉन. २०१५मध्ये बीजिंगला विश्वविक्रम करताना अमेरिकेच्या अॅश्टन ईटनने शंभर १०.२३ सेकंदांत आणि पंधराशे ४ मिनिटं १७.५२ सेकंदांत मारलं. उसेन बोल्टच्या ९.५८शी ताडून पाहिलं तर शंभरला तो सात टक्क्यांनी मागे पडतो. पंधराशेचा हिशम अल गेरूजचा विक्रम ३ मिनिटं २६ सेकंदांचा. तिथे तो पंचवीस टक्क्यांनी मागे. त्याचं पंधराशे दोन दिवसांच्या थकव्यानंतरचं होतं, हे जमेस धरलं तरी दरी मोठी आहे. जगातल्या सर्वांत अष्टपैलू शरीरानेही एक बाजू निवडली होती.

म्हणून माझं उत्तर असं: दोन्हींत पदक नाही, दोन्हींत गुण मात्र नक्की. सोळाशेचे ५:१० म्हणजे दर राउंडला साडेसत्याहत्तर सेकंद. राष्ट्रीय पातळीपासून हे पुष्कळ दूर आहे, पण काही महिन्यांच्या नेटक्या सरावाने आवाक्यात येतं. साडेअकरा सेकंद त्याहून अवघड, कारण तिथे जन्माचं देणं जास्त लागतं.

मला खरी काळजी वाटते ती सरावाच्या पद्धतीची. अनेक ठिकाणी मुलांना पहाटे आठ-दहा किलोमीटर पळवतात आणि थकलेल्या पायांनीच शंभरचे स्टार्ट करून घेतात. व्यायामाचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८०मध्ये प्रयोग करून दाखवलं, की ताकदीचा आणि दमाचा कठोर सराव एकत्र केला तर दम वाढत राहतो, पण ताकद काही आठवड्यांनी वाढायची थांबते आणि मग उतरू लागते. त्या मुलांच्या शंभरचं नेमकं हेच होतं. पोरं म्हणतात, सोळाशे निघतंय पण शंभर अडकलंय.

शंभरचा सराव ताज्या पायांनी करावा, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक धावेनंतर पूर्ण विश्रांती घेऊन. तीस-चाळीस मीटरच्या चारसहा धावा पुरतात. सोळाशेसाठी चारशेचे राउंड ठरलेल्या वेळेत, वेगळ्या दिवशी. लांब, सावकाश धाव आठवड्यातून एकदा-दोनदा, रोज नाही. एकाच दिवशी दोन्ही करणं भागच असेल तर आधी शंभर, मग दम. मुलींना शंभरबरोबर आठशे धावायचं असतं, म्हणजे त्यांची दोन टोकं मुलांपेक्षा जवळ आहेत. मुलांचं वेळापत्रक त्यांच्या गळ्यात न मारता त्यांच्या आठवड्यात दोनशे-तीनशेच्या जोरकस धावा वाढवाव्यात. त्या दोन्ही शर्यतींना उपयोगी पडतात.

(पुढच्या आठवड्यात : गोळाफेकीचे पंधरा गुण)