विमानाची शिदोरी

लांबच्या प्रवासास निघणाऱ्यानें शिदोरी किती बांधावी, हा प्रश्न घरोघरच्या वडीलधाऱ्यांस नवा नाहीं. कमी बांधली तर वाटेंत उपाशी राहावें लागतें. जास्त बांधली तर ओझ्यानें पाय थकतात. जुन्या लहान विमानाची पेट्रोलाची टांकी मोठी करूं पाहणाऱ्यापुढेंही नेमका हाच प्रश्न असतो. भेद एवढाच कीं, आकाशांतील वाटसरूस झाडाखालीं क्षणभर टेकतां येत नाहीं. नागपुरास सोनेगांव येथें फ्लाइंग क्लब आहे, आणि सदर किंवा धंतोलीसारख्या वस्तींतील एखाद्या घरच्या मुलीनें वा मुलानें वैमानिक होण्याचा हट्ट धरला तर त्यांत आतां कोणी नवल मानीत नाहीं. म्हणून हा विषय केवळ यंत्रज्ञांचा नसून कुटुंबाचाही आहे, असें आम्हांस वाटतें.

एके काळीं वैमानिकांच्या कित्येक पिढ्या ज्यावर शिकल्या, त्या ‘टायगर मॉथ’ विमानाची टांकी वरच्या पंखाच्या मध्यभागीं असे. तींत १९ इंग्रजी गॅलन, म्हणजे सुमारें ८६ लिटर पेट्रोल मावे, आणि तें आपल्याच भारानें खालीं इंजिनाकडे उतरे. एवढ्यावर विमान तीन तासांच्या आंतबाहेर चाले. त्याच घराण्यांतील ‘जिप्सी मॉथ’ घेऊन लांबचा पल्ला गांठणारे लोक निराळी युक्ति योजीत. १९३० च्या मे महिन्यांत इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटी गेलेली एमी जॉन्सन हिच्या विमानांत जादा टांक्या बसविलेल्या होत्या, व त्यांतील पेट्रोल तिला हातपंपानें वरच्या टांकींत चढवावें लागे.

त्याच महिन्यांत आगाखानांनीं ठेविलेल्या ५०० पौंडांच्या बक्षिसासाठीं आपल्या देशांतील तरुणही जिप्सी मॉथ घेऊन निघाले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे, तर अस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे येत होते. ईजिप्तमधील अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पींचें अडलें होतें तें पेट्रोलावांचून नव्हे, तर स्पार्किंग प्लगांवांचून! टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्यास दिले, आणि बक्षीस अस्पींनीं जिंकलें. प्रवासाची तयारी म्हणजे केवळ भरलेली टांकी नव्हे, हें यावरून ध्यानीं येईल.

आतां आजचें उदाहरण घेऊं. शिकाऊ वैमानिकांचें ‘सेसना १५२’ हें विमान १९७७ ते १९८५ या काळांत तयार झालें. म्हणजे त्यांतील धाकट्यांतील धाकटेंही चाळिशीला आलेलें आहे. त्याच्या साध्या टांक्यांत सुमारें ९८ लिटर पेट्रोल राहतें. लांब पल्ल्याच्या टांक्यांत सुमारें १४८ लिटर. तासास २३ लिटर खर्च धरला तर साध्या टांकीवर चार तास मिळतात. नागपुराहून मुंबई आकाशमार्गें सातशे किलोमीटरांहून किंचित् कमी. ताशीं १८५ किलोमीटर वेगानें पावणेचार तास. समोरून थोडा वारा सुटला कीं हिशेब संपला! मग मोठी टांकी कां न बसवावी?

उत्तर तराजूंत आहे. या विमानाचें कमाल वजन ७५७ किलो. रिकामें विमान ५२० किलो व दोन माणसें १५० किलो धरलीं, तर पेट्रोलासाठीं ८७ किलो उरतात. एका लिटराचें वजन पाऊण किलोला थोडें कमी. म्हणजे सुमारें १२० लिटर झाले. यापुढें टांकी कितीही मोठी असो, ती कांठोकांठ भरावयाची तर एका माणसानें खालीं उतरलें पाहिजे. त्यांतून नागपूरचा वैशाख! तापलेली हवा विरळ होते, इंजिन व पंख दोहोंचेंही बळ घटतें, आणि पौषांत सहज उचललेला भार तेव्हां लांब धांवूनही उचलवत नाहीं.

शिवाय विमान म्हणजे कावड आहे. भार किती, याइतकेंच तो कोठें, याला महत्त्व. पंखांतील टांकी तोलाच्या जवळ असते. तीच आसनांमागें ठेविली तर शेपूट जड होतें, आणि वेग मंदावून विमान कोसळूं लागल्यास सांवरणें कठीण जातें. टांकीस हवा आंत येण्याचें छिद्र हवें. तें बुजलें तर पेट्रोल असूनही इंजिन उपाशी मरतें. अर्धवट रित्या टांकींत दंव साचून पाणी होतें. म्हणून तळाचें पेट्रोल काढून पाहण्याचा नेम चुकवितां येत नाहीं. याच कारणास्तव असा फेरबदल सरकारी मंजुरीवांचून करतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

दुसरा मार्ग म्हणजे टांकी न वाढवितां टप्पा कमी करणें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांनीं कराचीहून टपाल आणलें, तें अमदाबादेस उतरून, पेट्रोल घेऊन मगच जुहूस. १९४९ च्या जानेवारींत रात्रीची विमानटपाल सुरू झाली, तेव्हां मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत व थैल्यांची अदलाबदल करून परतत. नागपूरचें मध्यवर्ती स्थान असें उपयोगी पडलें. आजही व्यावसायिक परवान्यासाठीं शिकाऊ वैमानिकास किमान ३०० सागरी मैलांचा प्रवास एकट्यानें, वाटेंत दोन ठिकाणीं उतरून करावा लागतो. उतरणें म्हणजे हार नव्हे, हाच त्यांतील धडा.

तेव्हां घरांतील मूल विमानविद्या शिकूं लागलें, तर ‘किती दूर गेलास?’ किंवा ‘किती दूर गेलीस?’ एवढेंच विचारून वडीलधाऱ्यांनीं थांबूं नये. ‘उतरतांना टांकींत किती उरलें होतें?’ हेंही अवश्य विचारावें. ज्याला याचें उत्तर नेमकें देतां येतें, त्याच्या हातीं विमान सोंपविण्यास आमची हरकत नाहीं.