ट्रॉली जोडली की जीप मागून बसते? पाटे बदलण्याआधी चार गोण्या टाकून मोजा

उन्हाळा लागला की बागेला आणि फवारणीला पाणी वाहायची वेळ येते. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर मोकळा नसतो, ते पाचशे लिटरची टाकी बसवलेली दोन चाकी ट्रॉली फोर बाय फोर जीपला किंवा पिकअपला जोडतात. ट्रॉली अडकवली की गाडी मागून बसते आणि पुढून तोंड वर करते. गॅरेजवाला एक नजर टाकतो आणि सांगतो, "पाटे गेले, एक जाड पाटा वाढवून टाकू." पाटा वाढतो, गाडी उंच दिसते, मालक खूश. पण रिकाम्या गाडीत कंबर मोडते, आणि ओल्या रस्त्यावर वळणात खड्डा आला की मागचं चाक उडून बाजूला सरकतं. पैसे खर्च करून गाडी आधीपेक्षा धोक्याची झालेली असते.

गाडी बसण्याची कारणं दोन असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. पाट्याची कमान गेली असेल तर गाडी रिकामी असतानाही खाली दिसते. पाटा कमी ताकदीचा असेल तर रिकामी गाडी बरोबर उभी राहते, वजन आल्यावरच बसते. पहिल्यात कंपनीच्या मापाचा नवा संच टाकला की काम होतं. जाड पाट्याची गरज पडली तर ती दुसऱ्यातच.

वजन नेमकं किती येतं?

टाकीत पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो. ट्रॉलीचं स्वतःचं वजन तीनशे धरलं तर एकूण आठशे. दोन चाकी ट्रॉलीच्या दांड्याचा साधारण एक दशांश भार हुकावर यावा लागतो, म्हणजे ८० किलो. आता हुक मागच्या चाकाच्या मध्यापासून सव्वा मीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे असं धरा. तराजूच्या दांडीसारखा हिशेब होतो. मागच्या चाकांवर ८० नाही, १२० किलो चढतात, आणि पुढच्या चाकांवरचे ४० किलो उतरतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. रात्री समोरच्याच्या डोळ्यांत लाईट जाते तीही यामुळेच.

म्हणून पाट्यांना हात लावण्याआधी दांड्याचं वजन बघावं. गोण्या मोजायच्या काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून, ट्रॉली सपाट ठेवून, दांडा हुकाच्या उंचीला टेकवायचा. ८० ऐवजी दीडशे किलो भरले तर टाकी ट्रॉलीवर फार पुढे बसवलेली आहे. ती थोडी मागे सरकवली की निम्मं दुखणं फुकटात जातं. मात्र भार अगदी काढूनही टाकू नये. दांडा हलका झाला की उतारावर ट्रॉली शेपटासारखी झुलते, आणि ते गाडी बसण्यापेक्षा वाईट.

आता गाडी मोजायची. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. दोन्ही बाजू मोजा. एक बाजू खाली असेल तर पाटा तुटलाय का ते बघा. मग डीएपीच्या चार गोण्या बरोबर मागच्या एक्सलच्या वर ठेवा. त्या ५० किलोच्या म्हणजे २०० किलो (युरियाची गोणी ४५ ची असते, हिशेबात चूक नको). गाडी दोन-चार वेळा दाबून सोडा, कारण पाटे एकमेकांवर घासून अडकतात. पुन्हा टेप लावा. समजा गाडी ४० मिलिमीटर बसली, तर आपल्या १२० किलोला ती २४ मिलिमीटर बसणार. इंचभराचा हा फरक सोसण्यासारखा आहे, त्यासाठी पाटा वाढवायचं कारण नाही. वर मागे दोन माणसं, पाईप आणि औषधाचे डबे असतील तर तेही वजन धरा. काट्यावर फक्त मागची चाकं चढवून भरलेली गाडी ट्रॉलीसकट तोलली तर अंदाजाचं कामच उरत नाही.

पाटा वाढवायचाच असेल तर

पाट्याच्या जाडीचा खेळ फसवा आहे. ताकद जाडीच्या घनात वाढते. ७ मिलिमीटरच्या जागी त्याच रुंदी-लांबीचा ८ चा पाटा टाकला तर तो एकच पाटा जवळपास दीडपट कडक होतो. त्यामुळे "एक नंबर जाड" म्हणजे थोडंसं कडक असं समजू नये. रोज ट्रॉली ओढणाऱ्याने संच थोडा कडक घ्यावा. आठवड्यातून दोनदा ओढणाऱ्याला खाली आखूड, सरळ हेल्पर पाटा बरा. तो रिकाम्या गाडीत लागतच नाही, वजन आल्यावरच वरच्या पाट्यांना टेकतो.

फोर बाय फोरला आणखी एक गोष्ट आहे. बांधावरून उतरताना एक चाक वर आणि एक खाली जावं लागतं. पाटे फार कडक केले की खाली जायचं चाक जमिनीवरून सुटतं, जागेवर फिरतं, आणि काळ्या मातीत गाडी रुतते. ज्या कामासाठी फोर बाय फोर घेतली, तेच गेलं.

जुने पाटे भट्टीत लाल करून कमान मारून घेणं स्वस्त पडतं, पण टिकत नाही. पाट्याचं पोलाद ठराविक तापमानाला तापवून, तेलात थंड करून, पुन्हा टेंपर केलेलं असतं. नुसतं लाल करून वाकवलं की ते पाणी उतरतं आणि पाटा परत बसतो, नाहीतर तुटतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर नकोच.

कॉईल स्प्रिंगच्या गाड्यांना, म्हणजे २०२० साली आलेल्या नव्या थारसारख्यांना, मोजणी हीच लागू आहे. तिथे तारेची जाडी चौथ्या घातात बोलते, १२ ची तार १३ केली तरी स्प्रिंग सव्वापटीहून जास्त कडक होते. वेढ्यांत रबरी ठोकळे कोंबू नयेत, तेवढे वेढे बंद पडतात आणि बाकीच्यांवर ताण येतो.

पाट्याने गाडीची ओढण्याची क्षमता वाढत नाही. ब्रेक, एक्सल, टायर आणि हुक तेच राहतात. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह एक्सलला जोडलेला असतो आणि गाडी किती बसली यावरून वजन ओळखतो. पाटे उंच केले की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. तुमच्या गाडीला तो असेल तर मेकॅनिककडून नव्याने लावून घ्या.

बसवताना पाटे डाव्या-उजव्या जोडीने बदलावेत. यू बोल्ट नवेच घ्यावेत, पाटा वाढवला तर सेंटर बोल्टही लांब लागतो. शॉकअप तेलाने ओले असतील तर तेही त्याच वेळी. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवरून खाली आल्यावर, चाकांवर वजन असताना आवळायचे, नाहीतर बुश पिळलेलं राहून लवकर फाटतं. पहिली भरलेली खेप झाली की यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या, पाचशे किलोमीटरनंतर अजून एकदा.