बर्किनचा भाता

बेंटले कंपनीच्या साडेचार लिटरच्या 'ब्लोअर' मोटारीसमोर उभे राहिले असता पाहणाऱ्याची दृष्टी रेडिएटरच्या जाळीवर न थांबता तिच्याही पुढे, चासीच्या दोन पोलादी शिंगांच्या मधोमध बसविलेल्या एका धातूच्या पेटाऱ्यावर जाते. या पेटाऱ्याच्या अंगावर उष्णता बाहेर टाकण्यासाठी वऱ्या ओतलेल्या आहेत, बगलेला एस. यू. बनावटीचे दोन कार्ब्युरेटर टांगलेले आहेत, आणि त्याच्या पोटातून निघालेला एक जाड नळ मागे इंजिनाकडे वळलेला आहे. जे यंत्र इतर मोटारींत झाकणाखाली लपविले जाते ते येथे हत्तीच्या सोंडेसारखे सर्वांच्या पुढे चालते. हे वेगळेपण शोभेसाठी मुळीच नव्हते. ज्या इंजिनाच्या मूळ आराखड्यात या पेटाऱ्याला जागाच नव्हती, त्यावर तो मागाहून, आणि तेही जनकाच्या मर्जीविरुद्ध चढविला गेला, म्हणून त्याला असे दारात उभे राहावे लागले.

इंजिनाचे बळ ते किती पेट्रोल जाळते यावर, आणि पेट्रोल जाळणे ते किती हवा आत घेते यावर अवलंबून असल्यामुळे, बळ वाढवू इच्छिणाऱ्यापुढे मूलतः दोन मार्ग असतात: सिलिंडर मोठे वा अधिक करावेत, नाहीतर आहेत त्याच सिलिंडरांत हवा दाबून भरावी. (फेरे वाढविणे हा तिसरा, त्याची झळ कोठे लागते ते पुढे येईलच.) दुसऱ्या मार्गाचे साधन म्हणजे सुपरचार्जर. त्याला मी भाता म्हणतो ते केवळ अलंकारासाठी नव्हे. अमेरिकेतील इंडियाना संस्थानच्या कॉनर्सव्हिल गावी रूट्स नावाच्या दोघा भावांनी १८६० मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, ती पुढे भट्ट्यांना वारा घालण्याच्या आणि खाणींत हवा खेळविण्याच्या कामी आली. मोटारीचा संबंध नंतरचा. एका कवचात इंग्रजी आठाच्या आकाराचे दोन रोटर परस्परांविरुद्ध फिरतात, बाहेरच्या दंतचक्रांच्या धाकामुळे एकमेकांना कधीही शिवत नाहीत, आणि दोहोंमध्ये केसभर फट राखून हवेचे घास एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूस टाकीत राहतात. ती फट वाढली तर हवा मागे गळते, आणि उष्णतेने रोटर फुगून ती नाहीशी झाली तर धातू धातूला खातो.

साडेचार लिटरची ही मोटार १९२७ साली निघाली. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास १०० व धाव १४० मिलिमीटर, एकूण ४,३९८ घन सेंटिमीटर; सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह आणि दोन प्लग. १९२८ ची ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिने जिंकलीही. तिचे जनक वॉल्टर ओवेन बेंटले, ज्यांना सारे जग डब्ल्यू. ओ. म्हणे, ते डॉन्कास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केलेले गृहस्थ; वाफेच्या इंजिनांच्या सहवासात वाढलेल्या या माणसाला बळ हवे असेल तर इंजिन मोठे करावे, यापलीकडे उपाय मान्य नव्हता, आणि भाता लावणे म्हणजे रचनेचा भ्रष्टाकार करणे असे त्यांचे स्पष्ट मत होते. उलट पक्षी नॉटिंगहॅमच्या लेस-व्यापारी घराण्यातला, गळ्यात ठिपक्यांचा रुमाल बांधणारा शर्यतपटू टिम बर्किन, याला त्याच इंजिनातून दीडपट-दुप्पट वसुली करावयाची होती. कंपनीची खरी मुखत्यारी तोपर्यंत किंबर्लीच्या हिऱ्यांच्या संपत्तीचा वारस वुल्फ बार्नाटो याच्या हाती गेली होती. त्याने मंजुरी दिली. डॉरथी पॅजेट या तरुण धनवंतीने पैका पुरविला, भाता ॲमहर्स्ट व्हिलियर्सने रचला, आणि वेलिन गार्डन सिटीत बर्किनचा कारखाना उभा राहिला. ल मांच्या नियमात बसण्यासाठी सामान्य गिऱ्हाइकांकरिता ५० गाड्या बांधणे भाग पडले, त्याही बांधल्या गेल्या.

आता हिशेब पाहावा. भात्याविना शर्यतीच्या तयारीत हे इंजिन सुमारे १३० अश्वशक्ती देई. भाता लागल्यावर गिऱ्हाइकाच्या गाडीत १७५ आणि बर्किनच्या शर्यतीच्या गाड्यांत ४,२०० फेऱ्यांना २४०. सिलिंडर तेच, चासी जवळजवळ तीच. कागदावर हा व्यवहार फार किफायतशीर दिसतो. परंतु यंत्रातला प्रत्येक जादा घोडा खजिन्यात जमा होण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक चौकीवर जकात देत जातो, आणि जी चौकी कच्ची असेल ती त्या लोंढ्याखाली मोडते.

पहिली चौकी उष्णतेची. दाबलेली हवा तापते, आणि रूट्सचा भाता हवा आत दाबीत नसून केवळ ढकलीत असल्याने, पुढच्या नळातील दाबाची हवा प्रत्येक घासाबरोबर उलटी आत शिरून तिला आणखीच तापविते. असे ऊन मिश्रण सिलिंडरात पुन्हा आवळले की ते ठिणगीची वाट न पाहता आपण होऊन भडकते, व त्या आडदांड स्फोटाने पिस्टनचा माथा जळतो वा फुटतो. म्हणून भाता लावणारा शहाणा कारागीर प्रथम पिस्टनचा माथा उतरता करून आवळण्याचे प्रमाण घटवितो, ठिणगी उशिरा पाडतो, थंड प्रकृतीचे प्लग बसवितो आणि पेट्रोल सढळ हाताने सोडतो. आजचा कारागीर भाता आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर घालतो, जो व्हिलियर्सच्या रचनेत नव्हता. तेथे कार्ब्युरेटर भात्याच्या आधी असल्याने पेट्रोलची वाफ होताना जो काय थंडावा मिळे तेवढाच. पण त्यामुळे सारा नळ स्फोटक मिश्रणाने भरलेला असे, आणि उलटा भडका उडाल्यास तो बाहेर पडावा म्हणून दाब सोडणारा व्हॉल्व्ह ठेवावा लागे. एका बाबतीत मात्र डब्ल्यू. ओ. यांच्या जुन्या शिस्तीने भात्याला अनपेक्षित साह्य केले: त्यांच्या इंजिनात सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात असल्याने, वाढत्या दाबाखाली आजही असंख्य इंजिनांचा घात करणारे हेड गॅस्केट तेथे नव्हतेच. अर्थात व्हॉल्व्ह घासायचा म्हटला की अख्खा ब्लॉक उचलावा लागे, ही त्या सोयीची किंमत.

दुसरी चौकी कनेक्टिंग रॉडची. लोक समजतात की रॉड भात्याच्या दाबाने मोडतो. भात्याचा दाब रॉडला खाली रेटतो, आणि पोलादाला रेटा सोसणे त्या मानाने सोपे जाते. परंतु फेरे वाढले की जळका वायू बाहेर टाकून वरच्या टोकाला पोचलेल्या पिस्टनला, समोर कसलाही दाब नसताना, एका क्षणात थांबवून उलट ओढावे लागते, आणि ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३,५०० चे ४,२०० केले तर फेरे एकपंचमांशानेच वाढले, पण ओढ जवळजवळ दीडपट झाली. या ओढीने रॉडच्या टोपणाचे बोल्ट ताणतात, बेअरिंगचे तोंड लंबगोल होते, आणि तेलाचा पापुद्रा फाटताच पुढचे सारे काही सेकंदांत घडते. ब्लोअरसाठी क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि तेलाची व्यवस्था वेगळी केली गेली ती याच भयाने. शिवाय भाता क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला थेट जोडलेला होता. तो इंजिनाच्याच गतीने फिरे आणि फिरण्याचा खर्च त्याच शाफ्टकडून वसूल करी.

इंजिनामागची वाट क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, मागच्या धुरेची दंतचक्रे आणि अखेर टायर अशी जाते. येथे पीळ गिअरच्या पटीने वाढत जात असल्यामुळे, सिलिंडरात जे ओझे थोडे वाटते ते पहिल्या गिअरमध्ये मागच्या धुरेपाशी पोचेपर्यंत अनेक पटींचे झालेले असते. बेंटलेची ही सामग्री मुळातच दणकट होती. चालकाच्या उजव्या हाताशी बाहेरच्या बाजूला गिअरचा दांडा, पायांशी मधोमध ॲक्सिलरेटर आणि त्याच्या उजवीकडे ब्रेक, चाकाच्या मध्यावर ठिणगी मागेपुढे करण्याची दांडी, आणि समगतीची सोय नसलेला गिअरबॉक्स, ज्यात दात जुळविण्याचे काम कानाने करायचे: अशा संसारात गाडी नीट हाकणारा चालक स्वतःच सामग्रीचे अर्धे रक्षण करी. बर्किन मात्र गाड्यांना जपणारा म्हणून प्रसिद्ध नव्हता.

१९३० च्या ल मांला त्याच्यासमोर रुडॉल्फ काराचिओलाची सात लिटरची, स्वतःच भातावाली, मर्सिडीज होती. प्रारंभीच्या फेऱ्यांत बर्किनने तिला गाठले आणि बाजूची दोन चाके गवतात घालून मागे टाकले. त्याच वेळी मागच्या टायरवरचे रबर सोलून निघत होते. इतकी चौकीबंदी करून आणलेले बळ शेवटच्या चौकीवर, रबराच्या पट्टीत, अडले. टायर बदलून तो पुन्हा निघाला आणि त्याने ६ मिनिटे ४८ सेकंदांची, त्या शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी काढली. रात्रीत मर्सिडीज बाद झाली, आणि दुसऱ्या दिवशी शर्यत संपण्यापूर्वी दोन्ही ब्लोअरही इंजिन मोडून बाद झाल्या. जिंकली ती डब्ल्यू. ओ. यांची भात्याविना धावणारी साडेसहा लिटरची 'स्पीड सिक्स', दुसरी आलेलीही त्याच जातीची. ब्लोअरला ल मां कधीच मिळाली नाही. त्याच सप्टेंबरात पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये ही अवजड गाडी मडगार्ड उतरवून हलक्या बुगाट्टींच्या कळपात शिरली आणि दुसरी आली, हे तिचे सर्वांत सुंदर यश. पण तेथेही पहिली नव्हतीच. पॅजेटबाईंनी पाठबळ काढून घेतले व पुढे घोड्यांवर खर्च केला. त्यांचा गोल्डन मिलर १९३४ ची ग्रँड नॅशनल जिंकला. मांसाचे घोडे अधिक इमानी निघाले.

माझे मत विचाराल तर वादात डब्ल्यू. ओ. बरोबर ठरले ते सिद्धान्तामुळे नव्हे. त्याच सुमारास डर्बीला रोल्स-रॉइसची मंडळी श्नायडर चषकाच्या विमानासाठी 'आर' नावाचे ३६.७ लिटरचे भातावाले इंजिन घडवीत होती, आणि त्यांची रीत अशी की इंजिन चाचणीच्या खाटेवर चढवून पूर्ण जोरात सोडायचे, काहीतरी मोडेपर्यंत थांबायचे नाही, मोडलेला भाग नव्याने बळकट करायचा आणि पुन्हा सोडायचे. या एका इंजिनाला वारा घालण्यासाठी आणि खोली श्वास घेण्याजोगी ठेवण्यासाठी आणखी तीन केस्ट्रेल विमान-इंजिने जोडीला घोंगावत. डर्बीच्या नागरिकांनी तो कल्लोळ सोसावा म्हणून महापौरांना त्यांची समजूत घालावी लागली. १९२९ मध्ये १,९०० अश्वशक्ती, आणि १९३१ मध्ये, रॉड बदलून व एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोटात उष्णता वाहून नेणारा सोडियम भरून, २,३५०. त्या वर्षी एक लाख पौंड दिले लेडी ह्यूस्टन यांनी. म्हणजे दोन्ही भात्यांमागे एकेक धनवंती होती. फरक एवढाच की डर्बीत मोडतोड खाटेवर होई, आणि बर्किनची शर्यतीच्या दिवशी, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर.

त्याच १९३१ साली बेंटले कंपनीचे दिवाळे वाजले आणि तिच्या विक्रीत नेपिअर कंपनीशी चढाओढ करून रोल्स-रॉइसने ती घेतली. बर्किनने १९३२ मध्ये एकासनी ब्लोअरमधून ब्रुकलँड्सच्या खडबडीत काँक्रीटवर ताशी १३७.९६ मैलांचा विक्रम केला, आणि पुढल्या वर्षी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. व्हिलियर्स पुढे चित्रकारही झाला. इयन फ्लेमिंगचे व्यक्तिचित्र त्याच्या हातचे आहे, आणि फ्लेमिंगने १९५३ मध्ये आपल्या जेम्स बाँडला पहिल्याच कादंबरीत ब्लोअर बेंटले दिली होती.

२०१९ मध्ये बेंटलेच्या मलिनर विभागाने बर्किनच्याच एका शर्यतीच्या गाडीचा सुटा सुटा भाग काढून, मोजून, तशाच बारा नव्या ब्लोअर बांधण्याचे जाहीर केले. त्यांचे पहिले इंजिन क्रू येथील ज्या चाचणी-खाटेवर चढले ती १९३८ मध्ये मर्लिन या विमान-इंजिनासाठी बांधलेली होती, आणि मर्लिनच्या अंगी 'आर'च्या मोडतोडीची सारी विद्या उतरलेली होती. तेथे या इंजिनाला कोणी एकदम पूर्ण जोरात सोडले नाही. १,५०० फेऱ्यांपासून हळूहळू चढवीत ३,५०० पर्यंत, वीस तासांचे वेळापत्रक आखून, ते मुरविले गेले.